कृती त्याची, फेस माझा

अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्या माणसाने ग्लास पुढे केला, की पहिल्या घोटाआधी एक वाक्य ऐकून घ्यावं लागतं: "रेसिपी मूळ दुसऱ्याची आहे, पण मी त्यात थोडे बदल केलेत." या वाक्याचे दोन तुकडे आहेत, आणि त्यातला कोणता ठासून म्हणायचा हे तो तुमच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतो. घोट घेतल्यावर तुमच्या भुवया वर गेल्या, की बदलांचं आख्यान सुरू. तुम्ही ग्लास हळूच खिडकीत सरकवलात, तर मात्र तो मूळवाला कोण, कुठल्या राज्यातला, त्याच्या पुस्तकाची कितवी आवृत्ती, कितवं पान, सगळं सांगितलं जातं. श्रेय देण्याच्या बाबतीत इतकी काटेकोर माणसं मी फक्त बिअर बिघडल्यावरच पाहिली आहेत.

माझा भाचा ऑरेगन राज्यात, पोर्टलंडच्या उपनगरात राहतो. सोमवार ते शुक्रवार तो चिप बनवणाऱ्या कारखान्यात असतो, जिथे हवेत धुळीचा कण चालत नाही. शनिवार-रविवार तो गॅरेजमध्ये असतो, जिथे भरडलेल्या बार्लीचा भुसा नाकातोंडात जातो. गाडी बाहेर पावसात भिजते आणि आत, गाडीच्या जागी, काचेचा मोठा बुधला बुडबुडे सोडत बसलेला असतो. हे सगळं तिथे कायदेशीर आहे. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००. (आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी अधिनियम अजून जागेवर असल्याने महाराष्ट्रातल्या वाचकांनी हा लेख निव्वळ ललित म्हणून वाचावा. माझ्याकडे पिण्याचा सरकारी परवाना आहे. तो पोर्टलंडमध्ये कुणीच मागितला नाही, याचं मला जरा वाईट वाटलं.)

अर्थात तिथेही हे पूर्वापार चालत आलेलं नाही. १९३३ साली अमेरिकेतली दारूबंदी उठली तेव्हा घरी वाइन करायला मोकळीक मिळाली, बिअर मात्र राहूनच गेली. ती दुरुस्ती व्हायला १४ ऑक्टोबर १९७८ उजाडावा लागला. त्या दिवशी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली. त्याआधी कृती हातोहात फिरत होत्याच, पण त्यांना कर्ता नसे. त्या काळी "ही रेसिपी अमुक अमुक यांची" म्हणणं हे श्रेय नव्हतं, ती चुगली होती. कायदा झाल्यावर लोकांना अचानक नावं आठवू लागली. १९८४ मध्ये चार्ली पापाझियन यांचं 'द कम्प्लीट जॉय ऑफ होमब्रूइंग' आलं आणि अमेरिकेतल्या निम्म्या गॅरेजांना एकच गुरू मिळाला. तेव्हापासून एकाच घराण्याचे हे सगळे गवय्ये आपापली 'स्वतंत्र' चीज गात आहेत.

आता स्वतंत्र म्हणजे किती स्वतंत्र? बिअरला लागतं काय, तर माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि पाणी. नेहमीचा घाणा पाच गॅलनचा, म्हणजे साधारण एकोणीस लिटरचा. त्यात पाचेक किलो माल्ट पडतं आणि हॉप्स पडतात मूठभर. भाच्याने पुस्तकातली पेल एलची कृती घेतली आणि तिच्यात कॅस्केड जातीचे हॉप्स सात ग्रॅमने वाढवले. एवढ्या भांडवलावर त्याने त्या बिअरचं बारसं केलं: 'खडकवासला पेल एल'. मी म्हटलं, "अरे, सात ग्रॅम म्हणजे चहाचा दीड चमचा." तो म्हणाला, "मामा, सात ग्रॅम कधी घातले ते महत्त्वाचं आहे. शेवटच्या पाच मिनिटांत!" हे खरं आहे, हेही इथे सांगायला हवं. हॉप्स तासभर उकळले तर कडूपणा देतात आणि आच बंद होता होता घातले तर वास देतात. त्यामुळे त्याचे सात ग्रॅम म्हणजे अगदीच हवेतली बात नव्हती. पण बारशाला पुरेल इतकी होती का, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही. त्यानंतर आलेल्या काळ्याकुट्ट बिअरचं नाव त्याने 'मुठा स्टाउट' ठेवलं. तिथे मात्र रंग बघून मी वाद घातला नाही.

माझं निरीक्षण असं, की घरगुती बिअरमधली ऐंशी टक्के प्रतिभा नावात असते. उरलेली वीस लेबलावरच्या चित्रात. आपल्याकडे चकलीच्या भाजणीचं असंच असतं. मोठ्या जाऊबाईंच्या भाजणीत धाकटीने अर्धी वाटी पोहे वाढवले, की ती भाजणी 'माझी' होते, आणि चकली तेलात विरघळली की पुन्हा जाऊबाईंची. फरक एवढाच, की धाकटी जाऊ भाजणीला नाव ठेवत नाही. जाऊबाईंना ठेवते.

या जमातीची आणखी एक गंमत आहे. तिच्यात 'क्लोन' नावाचा प्रकार असतो, म्हणजे बाजारातल्या एखाद्या गाजलेल्या बिअरची हुबेहूब नक्कल. त्यात अभिमान उलट्या बाजूने वाहतो. शनिवारी हाच माणूस छाती फुगवून सांगतो, "दोन ग्लास शेजारी ठेवा, फरक दाखवून द्या!" आणि रविवारी पुस्तकातल्या कृतीत सात ग्रॅम फिरवून म्हणतो, "हिच्यासारखी दुसरी कुठे मिळाली तर सांगा!" एका गॅरेजात दोन धर्म गुण्यागोविंदाने नांदतात.

क्लोनचा हा उद्योग नवा नाही. मूळपुरुष शोधायचा तर २०० वर्षं मागे, इंग्लंडच्या बर्टन गावात जावं लागतं. त्या काळी हिंदुस्थानातल्या साहेबांना लंडनच्या हॉजसनची पेल एल जहाजाने यायची आणि कलकत्ता-मुंबईच्या बाजारावर त्याचंच राज्य होतं. त्याची मुजोरी वाढली, तसं ईस्ट इंडिया कंपनीचे एक संचालक, कॅम्पबेल मार्जोरीबँक्स, यांनी बर्टनच्या सॅम्युएल ऑलसॉपला गाठलं आणि १८२२ च्या सुमारास हॉजसनच्या बिअरचा नमुना त्याच्यापुढे ठेवला: हे तुला जमेल का? ऑलसॉपच्या पदरी जॉब गुडहेड नावाचा माल्टवाला होता. सांगतात असं, की त्याने पहिला प्रयोग चहाच्या किटलीत केला. पुढे कोट्यवधी लोक ज्या इंडिया पेल एलवर जीव टाकणार होते, तिची बर्टनी आवृत्ती किटलीतून आली, तीही नमुना समोर ठेवून, उघडउघड. पुढचा भाग तर आणखी लाजिरवाणा. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्समचा अंश भरपूर, त्यामुळे हॉप्सचा कडूपणा लखलखीत उठतो. नक्कल मूळ बिअरपेक्षा सरस निघाली आणि हॉजसन मागे पडला. आज जगभरचे होमब्रुअर नळाच्या पाण्यात चिमूटभर जिप्सम टाकून त्याचं बर्टन करतात. पाण्याला श्रेय मिळालं, गावाला मिळालं, किटलीलासुद्धा मिळालं. हॉजसनचं नाव आता फक्त बिअरचा इतिहास लिहिणारे घेतात. आणि ज्या देशाचं नाव त्या बिअरला लागलं, तिथे ती यायची ती साहेबासाठी. आपल्या वाट्याला नाव आलं, बाटली नाही.

यावर कुणी म्हणेल, मग कायदा करा, पेटंट घ्या. इथेच तर मेख आहे. अमेरिकेच्या कायद्यात कृतीला कॉपीराइटच नाही. १९९६ मध्ये शिकागोच्या अपील न्यायालयात दह्याच्या पाककृतींवरून खटला झाला होता. एका प्रकाशकाने पुस्तक काढलं, दुसऱ्याच्या नियतकालिकांत त्याच पदार्थांच्या मिळत्याजुळत्या कृती आल्या. न्यायालयाने सांगितलं, की साहित्याची यादी आणि ते एकत्र करण्याच्या कोरड्या सूचना कुणाच्या मालकीच्या नसतात. त्याभोवती तुम्ही काही ललित, काही वैयक्तिक लिहिलं असेल, तर ते तुमचं. तरीच पाककृतींच्या पुस्तकांत कृती अर्धं पान आणि तिच्याआधी आजोबांच्या शेतावरची संध्याकाळ तीन पानं असते! अर्धं पान चोरता येतं. संध्याकाळ चोरणं गुन्हा आहे.

त्यातून विचित्र परिस्थिती झाली आहे. कॅस्केड हॉप्स अमेरिकेच्या कृषी खात्याने ऑरेगनमधल्याच कॉर्व्हॅलिसला तयार केले आणि १९७२ मध्ये लोकांना देऊन टाकले. कुणीही लावावेत. पण अलीकडच्या सिट्रासारख्या जातींची नावं ट्रेडमार्क आहेत आणि रोपांवर मालकी आहे. म्हणजे बिअरच्या कृतीचा मालक कुणी नाही, पण तिच्यातल्या एका वेलाच्या नावाला आहे. रामायण फुकट, पण शरयूचा पत्ता लिहायला परवानगी लागेल, असा हा न्याय.

कायदा नाही म्हटल्यावर उरतो तो शिष्टाचार. त्याची अवस्था बघायला अमेरिकेच्या थोर पुरुषांकडे जायला हरकत नाही. सॅम्युएल अॅडम्स बॉस्टन लागर ही प्रसिद्ध बिअर जिम कुक यांनी १९८४ मध्ये सुरू केली. कृती त्यांच्या खापरपणजोबांची, लुई कुक यांची, वडिलांच्या घराच्या माळ्यावर सापडलेली. पहिला घाणा त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात केला. आता लेबलावर कुणाचं नाव लागावं? खापरपणजोबांचं? जिमचं? स्वयंपाकघराचं? लागलं ते अमेरिकन क्रांतीतल्या सॅम्युएल अॅडम्सचं, ज्याचा या कृतीशी संबंध एवढाच, की त्याच्या घराण्याचा माल्टचा धंदा होता. बेंजामिन फ्रँकलिनची तऱ्हा याच्या उलट. देवाचं आपल्यावर प्रेम असल्याचा पुरावा म्हणजे बिअर, असं त्याने म्हटल्याचं निम्म्या अमेरिकेच्या टी-शर्टांवर छापलेलं असतं. प्रत्यक्षात त्याने तसलं काहीतरी एका फ्रेंच मित्राला पत्रात लिहिलं होतं, ते वाइनबद्दल. न केलेल्या कामाचं श्रेय मिळायला इतकं थोर असावं लागतं.

टॉमस जेफरसनचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेता येत नाही. त्याच्या माँटिसेलोच्या घरी बिअर व्हायची आणि तिची कीर्ती एवढी, की १८२१ मध्ये व्हर्जिनियाच्या एका माजी गव्हर्नरने पत्र लिहून कृती मागितली. जेफरसनने उत्तर दिलं, की माझ्याकडे कृती नाही आणि नुसत्या कागदावरून हे काम जमेल असं मला वाटत नाही. आता यात नम्रता नव्हती, ती वस्तुस्थिती होती. कृती खरोखरच त्याच्याकडे नव्हती. ती होती पीटर हेमिंग्जच्या हातात. पीटर हेमिंग्ज हा जेफरसनच्या मालकीचा गुलाम. आधी स्वयंपाकी होता. १८१३ मध्ये जोसेफ मिलर नावाचा, लंडनला धंदा शिकलेला ब्रुअर तिथे येऊन राहिला, तेव्हा त्याच्या हाताखाली तो बिअर शिकला आणि मग वर्षानुवर्षं माल्ट करण्यापासून पिंप भरण्यापर्यंत सगळं सांभाळत राहिला. पुढे फिलाडेल्फियातल्या एका ब्रुअरीने एल विकायला काढली ती जेफरसनच्या नावाची. माझ्या भाच्याच्या सात ग्रॅमांवर मी एवढं तोंडसुख घेतोय खरं, पण त्याने निदान हॉप्स स्वतःच्या हाताने घातले होते.

आता सगळ्यात मोठ्या क्लोनकडे येतो. कॅलिफोर्नियातल्या रशियन रिव्हर ब्रुअरीची 'प्लिनी द एल्डर' नावाची डबल इंडिया पेल एल (आयपीए) आहे. तिचे कर्ते व्हिनी सिलुर्झो स्वतः एके काळचे होमब्रुअर. झायमर्जी या होमब्रुअरांच्या नियतकालिकाच्या वाचकांनी २००९ पासून २०१६ पर्यंत दर वर्षी हिलाच देशातली सर्वोत्तम बिअर ठरवलं. तिचे क्लोन किती झाले त्याला गणती नाही, कारण सिलुर्झोंनी कृती लपवून ठेवलीच नाही, होमब्रुअर मंडळींना स्वतःहून सांगून टाकली. पोर्टलंडच्या पलीकडे कुठलंही गॅरेज उघडा, आत कुणीतरी 'प्लिनीसारखी, पण माझी' असं काहीतरी करत असतो.

बिअरला हे नाव का, तर हॉप्सचा फार जुना उल्लेख थोरल्या प्लिनीच्या ग्रंथात आहे असं मानत आले आहेत. हा रोमन गृहस्थ इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. त्याआधी त्याने निसर्गाबद्दल माहीत असलेलं सगळं ३७ खंडांत लिहून ठेवलं होतं. पण बिअर पिणाऱ्यांनी न वाचलेली गोष्ट त्याच्या प्रस्तावनेत आहे. तिथे तो पुढे रोमचा सम्राट झालेल्या टायटसला सांगतो, की मी दोनेक हजार ग्रंथांतून वीस हजार गोष्टी गोळा केल्या आहेत आणि ज्यांच्याकडून घेतल्या त्यांची नावं देणार आहे, कारण ज्यांच्यामुळे आपण पुढे गेलो त्यांना मान्य करणं हे सभ्य माणसाचं लक्षण आहे. आणि मग बोलणं कडवट होतं. ग्रंथ ताडून बघताना त्याला आढळलं, की नव्या लेखकांतल्या भल्या भल्या मंडळींनी जुन्यांचं शब्दशः उचललंय आणि नावाचा पत्ता नाही. अख्खा पहिला खंड त्याने अनुक्रमणिका आणि आधारग्रंथकारांच्या याद्यांना देऊन टाकला.

तर ज्याने दोन हजार वर्षांपूर्वी उचलेगिरीबद्दल तक्रार केली, त्याच्याच नावाची बिअर गॅरेजागॅरेजांत उचलली जाते. भाच्याला मी हे सांगितलं. तो विचारात पडला आणि म्हणाला, "मग माझ्या पुढच्या क्लोनचं नाव 'प्लिनीची तक्रार' ठेवू?" या पिढीला कशाचंही लेबल दिसतं.

खरं तर श्रेयाचा हिशेब करायचा तर सगळ्यात मोठा धनको यीस्ट. आपण फक्त गोड पाणी उकळून देतो, बिअर तेच करतं. पण १५१६ मध्ये बव्हेरियाच्या ड्यूकांनी बिअरसाठी बार्ली, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही वापरू नये असा कायदा केला, त्यात यीस्टचा उल्लेखच नाही. सगळं काम करणाऱ्याचंच नाव यादीतून गळालं. ही पद्धत पुढे कचेऱ्यांतही रूढ झाली. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं आणि कंपनीने ते दुसऱ्या ब्रुअरींनाही फुकट दिलं. एवढा उदारपणा केल्यावर यीस्टला नाव कुणाचं लागलं असेल? कार्ल्सबर्गचं. यीस्टला पुन्हा काही मिळालं नाही.

आता भाच्याच्या सगळ्यात यशस्वी बिअरबद्दल. ती बेल्जियन पद्धतीची विटबिअर, गव्हाची, धुरकट पांढरी, संत्र्याची साल आणि धने घातलेली. धने! त्याच्या होमब्रुअर क्लबातले अमेरिकन मित्र पहिल्या घोटाला थक्क झाले. धने म्हणजे भारत, भारत म्हणजे मसाला, मसाला म्हणजे आजी, असा त्यांचा सरळ हिशेब होता आणि भाच्याने तो अडवला नाही. बाटलीवर पैठणीचा काठ आला आणि खाली इंग्रजीत: 'आजीची पांढरी. पुण्याच्या स्वयंपाकघरातून.' ही आजी म्हणजे माझी आई. सदाशिव पेठेत अख्खा जन्म गेला, आणि अल्कोहोलशी तिचा संबंध आला तो होमिओपॅथीच्या थेंबांतून.

विटबिअरमध्ये धने घालणं ही बेल्जियमची जुनी रीत. ह्यूगार्डन गावात ही बिअर पिढ्यान्‌पिढ्या व्हायची. १९५७ मध्ये तिथली शेवटची ब्रुअरी बंद पडली. तरुणपणी त्या ब्रुअरीत हात लावायला जाणारा पिएर सेलिस हा गावचा दूधवाला. त्याने साठच्या दशकात ती बिअर पुन्हा उभी केली. ती इतकी चालली, की पुढे एका बड्या कंपनीच्या हाती गेली. मग म्हातारपणी हा मनुष्य टेक्ससमधल्या ऑस्टिनला गेला आणि तीच बिअर 'सेलिस' या नावाने पुन्हा करू लागला. स्वतःच्याच बिअरचा क्लोन करण्याची पाळी आलेले एवढे एकच गृहस्थ मला माहीत आहेत.

मी भाच्याला म्हटलं, "अरे, त्या दूधवाल्याचं नाव तरी घाल कोपऱ्यात."

"मामा, लेबलावर दूधवाला घातला तर लोक म्हणतील बिअरमध्ये दूध आहे."

"मग बेल्जियम घाल."

"बेल्जियम सगळेच घालतात. आजी कुणाकडे आहे?"

या बिनतोड युक्तिवादाने बाटली क्लबच्या स्पर्धेत गेली. तिथे परीक्षकांपुढे फक्त क्रमांक लावलेले ग्लास येतात. लेबल नाही, काठ नाही, आजी नाही. त्यांच्या नियमावलीत विटबिअरचा प्रकार '२४ अ'. त्या प्रकारात तिला तिसरा क्रमांक मिळाला आणि शेऱ्यात धन्यांचं वेगळं कौतुक होतं. लगेच चार जणांनी कृती मागितली. भाच्याने ती मोकळ्या मनाने दिली, आणि तळाशी कृतज्ञतेची ओळ टाकली, आजीच्या नावे. आता ती कृती ऑरेगनातून शेजारच्या आयडाहोत पोचली आहे. तिथे कुणीतरी संत्र्याऐवजी मोसंबी घालून 'थोडे बदल' केलेत, पण आजी ठेवली आहे, म्हणे.

हे आईपासून लपवून ठेवणं शक्यच नव्हतं. नव्वदीची आहे, पण व्हिडिओ कॉलवर तिला सगळं दिसतं. भाच्याच्या मागच्या फळीवरची बाटली तिने हेरली आणि पैठणीच्या काठावरून थेट आपल्या नावापर्यंत आली. त्याने सांगून टाकलं. आता दारूवर तासभर ऐकावं लागणार, म्हणून आम्ही दोघेही आपापल्या खंडांत मान खाली घालून बसलो.

"काय काय घातलंस त्यात?" आईने विचारलं.

"गहू, बार्ली, संत्र्याची साल. आणि धने."

"धने भाजून घेतलेस?"

"नाही आजी. कच्चेच, जाडसर कुटून."

"कच्चे?" पुण्याहून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "मग माझं नाव काढ त्याच्यावरनं."